ओल्या लॅकरचे आठ दिवस

रिमताईचं खरं नाव कागदांवर होतं आणि कागद कपाटात होते. बाकी सगळ्या जगासाठी ती रिमताई. गाड्यांच्या अ‍ॅलॉयच्या रिमा नव्यासारख्या करून देणं हा तिचा धंदा, आणि त्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. फुटपाथला घासून खरवडलेली, ब्रेकच्या भुकटीनं काळी पडलेली रिम तिच्याकडे यायची. ती जुना रंग उतरवायची, ओरखडे भरायची, घासायची, प्रायमर मारायची, चंदेरी रंग द्यायची आणि सगळ्यात शेवटी लॅकरचे, म्हणजे त्या पारदर्शक चकाकीचे, दोन हात.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ती पंख्यांच्या कारखान्यात रंगखात्यात लागली होती. तिथल्या मुकादमबाई कडक होत्या. नुकत्या रंगवलेल्या पात्याला कोणी बोट लावून बघितलं की त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त त्या मुलीला दिवसभर खिशात हात घालून उभं करायच्या. रिमताई एकदाच उभी राहिली होती. त्यानंतर ओला रंग दिसला की तिचे हात आपोआप पाठीमागे जायचे.

लग्न झालं ते टायरच्या दुकानवाल्याशी. माणूस चांगला, पण शब्द मोजून वापरायचा. दिवसाचा वाटा दुपारपर्यंत संपला तर संध्याकाळी मान हलवून भागवायचा. पुढे कारखाना बंद पडला तेव्हा तोच म्हणाला, "मागची खोली रिकामीच आहे. तू मागे रंगव, मी पुढे टायर चढवतो." वीस वर्षं तसंच चाललं. टायर चढवायच्या मशीनला पोलादी पंजे असतात, ते ताज्या रिमेला ओरबाडतात. त्यानं जुन्या पट्ट्यांमधून त्या पंज्यांसाठी प्लॅस्टिकचे मोजे कापून बनवले होते. वीस वर्षांत त्याच्या हातून बायकोच्या एकाही रिमेला चरा गेला नव्हता. गॅरेजवाले थट्टेनं म्हणायचे की ही दोघं एकमेकांशी रिमांमधूनच बोलतात. ती हसायची. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या सोमवारी तिच्याकडे चार रिमा होत्या, एका निवृत्त बस ड्रायव्हरच्या. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बसेस चालवल्यावर या गृहस्थांनी स्वतःची पहिली गाडी घेतली होती, तीही जुनी. इंजिनाकडे बघायच्या आधी ते रिमा घेऊन तिच्याकडे आले होते.

"कधी मिळतील, ताई?"

"पुढच्या मंगळवारी."

"रंग तर आजच मारणार म्हणालात."

"लॅकर वरून एका दिवसात वाळतो, काका. आतून कच्चाच असतो. आज नख लावलंत तर नखाची खूण जन्मभर राहील. आठ दिवस ऊब पाहिजे, कोरडी हवा पाहिजे, आणि कोणाचा हात नको."

"झाकून ठेवायच्या ना मग?"

"झाकायच्या नाहीत. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं तर आतला वास आतच कोंडतो आणि फोड येतात. कापड टाकलं तर कापडाची वीण उमटते. नुसतं मोकळं ठेवायचं आणि लक्ष द्यायचं."

काकांनी मान डोलावली. बसमधल्या उभ्या-बसलेल्या सगळ्या प्रवाशांना त्यांनी सांभाळलं होतं; आठ दिवस चार रिमांना हात न लावणं त्यांना जमण्यासारखं वाटलं. तरी ते रोज येऊन बघून जातो म्हणाले.

दुपारी तिनं लॅकरचा दुसरा हात मारला. चारही रिमा मधल्या भोकातून आकड्यांना टांगल्या, हीटर लावला, दार ओढून घेतलं. सहाला ती घरी गेली. नवरा त्या दिवशी चारलाच निघाला होता; पाठ दुखते म्हणाला होता.

घरात कपाटाचं दार उघडं होतं आणि नवऱ्याचा कप्पा रिकामा. टेबलावर त्याच्याकडची घराची किल्ली आणि टायरच्या कंपनीच्या पॅडवरचा कागद: "मी औषधाच्या दुकानावरच्या खोलीत राहायला गेलो आहे. भांडण नाही. जेवून घे."

तिनं उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. मग बाथरूममध्ये जाऊन बघितलं, त्यानं रक्तदाबाच्या गोळ्या नेल्या होत्या का. नेल्या होत्या. तिनं हात धुतले, जेवण गरम केलं आणि जेवली, कारण कागदावर तसं लिहिलं होतं. औषधाचं दुकान घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होतं. त्याच्या वरच्या खिडकीला हिरवा पडदा होता, हेही तिला माहीत होतं. खोकल्याचं औषध घ्यायला गेली की तो दिसायचा. झोप लागली. याचंच तिला दुसऱ्या दिवशी नवल वाटलं, पण तेही फार नाही.

मंगळवारी तिनं मागचं शटर उघडलं. पुढचं उघडलं नाही. रिमा ठीक होत्या. आरशासारख्या, आणि एकाही ठिकाणी धुळीचा कण बसलेला नव्हता. मुलीचा फोन आला. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती आणि बापानं तिला मात्र फोन करून सांगितलं होतं.

"आई, काय झालं?"

"काही नाही. बाबा खोली घेऊन राहायला गेलेत."

"कोणी आहे का?"

"औषधवाला आहे खाली."

"आई."

"नाही ग. कोणी नाही. असतं तर सोपं गेलं असतं."

मुलीनं आवाज खाली आणला. "तू रडलीस का?"

"लॅकर ओला आहे," रिमताई म्हणाली. मग तिच्याच लक्षात आलं की हे काही उत्तर झालं नाही. "म्हणजे इथं काम आहे, ते सोडून कुठं जाता येत नाही. तू येऊ नकोस. रजा वाया घालवू नकोस."

फोन ठेवल्यावर तिनं जिथं राग असायला हवा होता तिथं मनातल्या मनात चाचपून पाहिलं. काही लागलं नाही. दात काढल्यावर गालाला बधिरपणा असतो, आपलाच गाल परक्याचा वाटतो, तसं. तिनं हीटरचा काटा बघितला आणि स्टुलावर बसून राहिली.

बुधवारी सकाळी नणंद आली. नवऱ्याची थोरली बहीण, बोलण्यात आगगाडी; भावाच्या वाट्याचे शब्द देवानं हिलाच दिले असावेत असं घरात सगळे म्हणत. तिनं आल्याआल्या पर्स ठेवायला जागा शोधली आणि ती नेमकी रिमांच्या खोलीच्या दाराकडे वळली.

"वन्सं, तिकडे नको," रिमताई म्हणाली.

"अगं, पर्स ठेवतेय."

"धूळ उडते. इकडे द्या."

नणंदेनं पर्स छातीशी धरली. "माझा भाऊ घर सोडून गेला आणि तुला धुळीची पडलीये?"

"हो."

"जा, त्याला घेऊन ये. दोन शब्द बोल, जरा डोळ्यांतून पाणी काढ. पुरुषाला तेवढं पुरतं."

"येत नाहीये, वन्सं."

"कोण, तो?"

"पाणी."

नणंदेनं तिच्याकडे नीट पाहिलं.  मग तिनं रिमताईच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवतेस का ग वेळेवर?" एवढं विचारून ती गेली, आणि तासाभरानं डबा पाठवला.

दुपारी बाराला दिवे गेले. आधी वाटलं, येतील. मग पलीकडचा बॅटरीवाला सांगत आला की कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळालाय, नवीन यायला तीन-चार दिवस तरी लागतील. दिवस थंडीचे होते, तेही ओल्या थंडीचे. सकाळी धुकं पडायचं आणि दुपारीही भिंतींना हात लावला की गार ओल जाणवायची. हीटर बंद. खोली पत्र्याची. दोन वाजता पत्र्याच्या आतल्या बाजूनं पाण्याचे थेंब धरायला लागले.

रिमताई दारात उभी राहिली. कच्च्या लॅकरवर ओल बसली की तो धुरकट होतो, दुधाचा थेंब पडलेल्या पाण्यासारखा, आणि मग परत सगळं खरवडून पहिल्यापासून. हे तिला कळत होतं. घाबरायला हवं, हेही कळत होतं. पण तिच्या आत कोणी धावत नव्हतं. तिनं शांतपणे विचार केला: घर विजेच्या दुसऱ्या तारेवर आहे, घरी दिवे आहेत, खोलीत हीटर आहे, आणि एका खोलीत निम्मी जागा मोकळी झालीये.

तेवढ्यात काका रोजच्यासारखे बघायला आले. त्यांच्या गाडीला तात्पुरती लोखंडी चाकं होती, ती ओरडत होती.

"काका, तुमच्या रिमा हलवायच्या आहेत. माझ्या घरी. पाच मिनिटांचा रस्ता आहे. तुमच्या गाडीतून."

"चालेल की."

"पण खड्डा एकही लागता कामा नये."

काकांनी टोपी सरळ केली. "ताई, मी चाळीस वर्षं उभ्या प्रवाशांना घेऊन गेलोय," ते म्हणाले. "एकदाच एक म्हातारी पडली होती आणि ती सुद्धा स्वतःच्या चुकीनं."

तिनं मागच्या सीटवर फोमचे ठोकळे मांडले, प्रत्येक रिम मागच्या बाजूनं, जिथं लॅकर नव्हता तिथं धरून उचलली आणि चेहरा वर करून ठेवली. एका वेळी दोन. दोन खेपा. ती मागे दोन रिमांच्या मधे आखडून बसली, हात हवेत, घसरलीच तर धरायला. काकांनी गाडी इतकी हळू चालवली की एक आजोबा काठी टेकत त्यांच्या पुढे निघून गेले. मागून भोंगे वाजत होते. काका ढिम्म. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "साहेब दिसले नाहीत दुकानात?"

"खोली घेऊन राहतात."

काकांनी आरशातून तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे. "पुढे गतिरोधक आहे," एवढंच म्हणाले, आणि तो असा ओलांडला की पत्ताच लागला नाही.

घरी तिनं पलंग भिंतीला सरकवला. नवऱ्याची बाजू जिथं असायची तिथं चार स्टुलं मांडली, प्रत्येकावर लाकडी ठोकळा, त्यावर रिम. खिडकी बोटभर उघडी ठेवून हीटर लावला. वास येत होता म्हणून स्वतःचं अंथरूण स्वयंपाकघरात घातलं. रात्री पाय धुताना नडगीवर वीतभर काळानिळा डाग दिसला. कुठल्यातरी खेपेला रिमेची कड लागली असणार. कधी लागली, तिला आठवेना. दाबून पाहिलं तेव्हा थोडं दुखलं.

गुरुवार गेला. ती दिवसातून सहा वेळा खोलीत जायची, हात पाठीमागे बांधून चारही रिमांभोवती फिरायची, हवा कोरडी आहे ना बघायची, आणि दार लावून बाहेर यायची. दुसरं काही करायला नव्हतं. दुकानात दिवे नव्हते. शेजारीण डोकावून गेली, तिला दारातूनच सांगितलं की आत रंगकाम आहे. ते खरंच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला बेल वाजली. नवरा दारात उभा. स्वतःच्या घराची बेल वाजवून तोच ओशाळला होता.

"जाड पांघरूण राहिलं," तो म्हणाला. "तिकडे गार पडतं."

"घ्या की. आतल्या खोलीत आहे."

तो आत गेला आणि उंबऱ्यावरच थांबला. आपल्या झोपायच्या जागी चार रिमा चेहरा वर करून निजलेल्या त्यानं एकेक करून पाहिल्या. ऊब होती, दिवा होता, आणि चारही रिमांत छताचा पंखा उलटा दिसत होता.

"दिवे गेलेत दुकानातले," ती मागून म्हणाली. "ट्रान्सफॉर्मर जळाला."

"ऐकलं." त्याचा हात सवयीनं पुढे झाला.

"हात लावू नका. कच्चा आहे अजून."

हात मागे गेला. तो पांघरूण काढायला वळला, मग तसाच पलंगाच्या कडेवर बसला. ती दाराला टेकून उभी राहिली. मग तो बोलायला लागला, आणि एका बैठकीत तो इतकं बोललेला तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तुझं काही चुकलं नाही. मला एकटं राहून बघायचं होतं. कधी राहिलोच नाही. आधी घरात आठ माणसं, मग तू, मग पोरगी. पोरगी गेल्यावर मनात आलं, मी एकटा असलो की कसा असतो तेच मला माहीत नाही."

"मग सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"म्हणाले असते."

"म्हणून नाही सांगितलं. तू हो म्हणालीस की मला वाटतं तूच पाठवलंस. मागच्या खोलीत रंगकाम काढलं तेव्हाही तू हो म्हणालीस. पोरीला बाहेर पाठवताना सुद्धा. तुझ्या मनात काय असतं ते मला इतक्या वर्षांत कळलं नाही."

तिला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. माझ्या मनातलं मलाही नाही कळलं, असं काहीसं. पण ते तोंडापर्यंत येईतो त्या वाक्यातला जीव निघून गेला होता. ती म्हणाली, "कसं आहे मग? एकटं?"

त्यानं खरं उत्तर द्यायचं ठरवलेलं दिसलं. "शांत आहे. रात्री खालचं शटर पडलं की अगदीच शांत. मला बरं वाटतंय." मग खाली बघून, "तुला वाईट वाटत असेल."

"अजून काही वाटत नाहीये," ती म्हणाली. "वाटलं की सांगेन."

त्यानं मान हलवली. पांघरूण काखेत घेऊन तो दारापर्यंत आला.

"मंगळवारी टायर कोण चढवणार?" तिनं विचारलं.

"मी येतो की. दुसऱ्या कोणाला मशीनपाशी उभं करू नकोस. पंजे लावतील."

शनिवारी दिवे आले, पण तिनं रिमा हलवल्या नाहीत. एकदा बसलेलं उगीच उठवायचं कशाला. मंगळवारी सकाळी काकांनीच त्याच चालीनं त्या दुकानात आणल्या. नवरा आधीच आला होता. त्यानं पुढचं शटर उघडलं होतं, मशीन पुसलं होतं, पंज्यांवर प्लॅस्टिकचे मोजे चढवले होते आणि नखं कापून आला होता. हे शेवटचं तिच्या नजरेतून सुटलं नाही.

तिनं पहिली रिम उजेडात धरली. करंगळीचं नख अगदी आतल्या, न दिसणाऱ्या कडेला दाबून पाहिलं. खूण उठली नाही. "चढवा," ती म्हणाली.

पुढचा तासभर दोघं नेहमीसारखी काम करत होती. त्यानं टायरच्या कडेला साबणाचा लेप लावला, रिम मशीनवर निजवली, पायानं कळ दाबली. ती समोरून टायर दाबून धरत होती. "धर." "जरा खाली." "सोड." काका कोपऱ्यात खुर्चीवर बसून श्वास रोखून बघत होते. तोल साधायची वजनं त्यानं आतल्या बाजूला चिकटवली, हातोडीनं कडेला ठोकायची वापरली नाहीत. गाडीला चाकं लावताना पान्याच्या तोंडाला प्लॅस्टिकची टोपी घातली आणि शेवटचे आटे हवेच्या मशीननं न देता हातानं पाना फिरवून आवळले. चार चाकं झाली. एकही चरा नाही.

रिमताईनं काकांना समोर उभं करून सांगितलं, "अजून तीन आठवडे पूर्ण पक्का होत नाही. धुवायचं तर साधं पाणी आणि मऊ फडकं. पाण्याचा जोराचा फवारा नको, रिमा साफ करायचं बाटलीतलं औषध नको. ब्रेक तापलेले असताना गार पाणी नको. आणि फुटपाथपासून लांब."

"किती लांब?"

"जेवढं वाटेल त्याच्या दुप्पट."

काकांनी ते शब्दशः पाळलं. पुढे कितीतरी महिने ती गाडी जिथं उभी असेल तिथं रस्त्याच्या निम्म्यात उभी असायची, आणि लोक चिडले की काका खिडकीतून म्हणायचे, "ताईंनी सांगितलंय."

त्या दिवशी काका गेल्यावर नवऱ्यानं हात पुसले. "मंगळवारी आणि शुक्रवारी येत जाईन," तो म्हणाला. "टायरचं काम साठवून ठेव." ती बरं म्हणाली. मग थांबून म्हणाली, "हे मी मनापासून म्हणतेय. मला मदत लागणार आहे." तो पहिल्यांदा थोडा हसला.

लोकांनी विचारायचं ते विचारलं. मिटलं का, कधी येणार घरी, घटस्फोटाचे कागद करणार का. नणंदेनं वर्षभर आशा धरली. त्या दोघांचं मिटलं नाही आणि मोडलंही नाही. हिरव्या पडद्याची खोली त्यानं सोडली नाही, आणि रिमताईनं पलंग भिंतीलाच ठेवला, कारण मोकळी जागा तिला आवडायला लागली होती.

रडू तिला आलं ते चार महिन्यांनी, भर सकाळी, बॅटरीवाल्याच्या दुकानात. तो कुठलीतरी फालतू गोष्ट सांगत होता, त्याच्या स्कूटरच्या हरवलेल्या किल्लीची, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. थांबेचना. बॅटरीवाला बिचारा घाबरून किल्लीची माफी मागत राहिला. तिनं तोंड धुतलं आणि त्याच दुपारी नवऱ्याला फोन केला.

"वाटलं," ती म्हणाली.

"काय?"

"वाईट. सांगेन म्हणाले होते."

 "बरं," तो म्हणाला. "ऐकलं मी."

उन्हाळ्यात ती टायरचं मशीन शिकली. पहिल्याच रिमेला तिच्या हातून इंचभर चरा गेला. तिनं तो घासला, भरला, परत लॅकर मारून रिम टांगली आणि गिऱ्हाइकाला आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं. दुसरी नीट गेली. दहावीनंतर तिनं नवऱ्याला सांगितलं की शुक्रवारी आलं नाही तरी चालेल, ती बघेल. मंगळवार तसाच ठेवला.